संगणकांचा मुकादम

दिवाळीच्या आधी घरात चकल्यांचा घाट घातलेला तुम्ही पाहिला असेल. तांदूळ आणि डाळी धुवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या. भाजणी निवाली की गिरणीतून दळून आणायची. मग पीठ भिजवून चकल्या पाडायच्या. यातली काही कामे एकाच वेळी होऊ शकतात. आई तांदूळ भाजत असेल तेव्हा शेजारच्या काकू डाळी भाजून देतील. पण दळण मात्र सगळे भाजून झाल्यावरच! आणि ऐन वेळी गिरणीची वीज गेली तर? डबा दुसऱ्या गिरणीत न्यायचा. डाळी पुन्हा धुवायला कोणी बसत नाही.

एवढे ध्यानात ठेवा आणि आता माझ्याबरोबर अमेरिकेत चला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी ‘लायगो’ प्रकल्पाच्या हॅन्फर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांत एक सूक्ष्म थरथर नोंदली गेली. दोहोंमध्ये सुमारे ३,००० किलोमीटर अंतर. तरी थरथर सारखीच, फक्त ७ सहस्रांश सेकंदांच्या फरकाने. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना उठलेली ही गुरुत्वीय लहर असेल काय? एका आज्ञावलीने तीन मिनिटांतच तिच्याकडे बोट दाखवले होते. पण बोट दाखवणे निराळे आणि खात्री देणे निराळे. जमिनीची हालचाल, यंत्रातलीच खरखर, कशानेही अशा नोंदीत चढउतार उमटतात.

खात्री करण्याची एक रीत अशी. कृष्णविवरांच्या निरनिराळ्या जोड्यांपासून कशा लहरी येतील याचे नमुने गणिताने आधीच तयार ठेवायचे आणि नोंदीचा प्रत्येक तुकडा त्यांच्याशी ताडून पाहायचा. असे नमुने कसे निवडावेत यावर पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्येच शोधनिबंध लिहिला होता. २०१५ च्या शोधात सुमारे अडीच लाख नमुने वापरले. शिवाय एका वेधशाळेची नोंद मुद्दाम पुढेमागे सरकवून पुन्हा जुळण्या शोधल्या. प्रकाशाला दोन वेधशाळांमधले अंतर कापायला १० सहस्रांश सेकंद लागतात. नोंद त्याहून अधिक सरकवली, की ज्या जुळण्या सापडतील त्या निव्वळ योगायोगाच्या! त्या मोजल्या म्हणजे योगायोग किती वेळा फसवतो ते कळते.

एवढे गणित एकाच संगणकावर करत बसले तर शास्त्रज्ञ म्हातारे होतील. म्हणून ते ठिकठिकाणच्या संगणकांत वाटून देतात. दिवा लावताना वीज कोणत्या केंद्रातून आली हे आपण विचारत नाही. तसेच हे संगणकांचे जाळे. त्याचे ‘ग्रिड’ हे नावही विजेच्या जाळ्यावरूनच पडले.

पण हजारो तुकड्यांतले कोणते आधी, कोणते नंतर, कोणती फाइल कुठे न्यायची, हे पाहणार कोण? लायगोच्या या शोधात ते काम ‘पेगासस’ नावाच्या मुकादमाने केले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एव्हा डीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून ही आज्ञावली घडवली. शास्त्रज्ञाने फक्त कामांची यादी द्यायची आणि कशानंतर काय, याचे बाण काढायचे. बंधन एकच : बाण फिरून मूळ कामावर येता कामा नयेत. चकलीला पीठ हवे आणि पिठाला चकली, असे झाले तर सुरुवातच होणार नाही! कोणते काम कोणत्या ठिकाणी करायचे हे मुकादम ठरवतो, फाइली नेण्याआणण्याची कामे मध्ये घालतो, नको झालेल्या फाइली पुसतो. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेली ‘कॉन्डॉर’ प्रणाली ती कामे रिकाम्या संगणकांकडे धाडते.

एखादा संगणक मध्येच बंद पडला तर ते काम पुन्हा दिले जाते. झालेली कामे तशीच राहतात. याहून वाईट खोड म्हणजे काम अर्धवट असताना ‘झाले’ म्हणणे. प्रयोगवहीत ‘निरीक्षणे घेतली’ असे लिहून तक्ता कोरा ठेवणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात! यावरचा उपाय गिरणीवाल्याच्या तराजूसारखा आहे. फाइलच्या मजकुरावरून एक छोटी संख्या काढतात आणि फाइल पोहोचल्यावर ती पुन्हा काढून ताडतात. संख्या बदलली तर फाइल बिघडली. कोणते काम कोणत्या संगणकावर, कोणती फाइल घेऊन झाले, याचीही नोंद राहते. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला, तेव्हा शास्त्रज्ञ सांगू शकले, की इतकी ठळक जुळणी केवळ योगायोगाने २,०३,००० वर्षांत एकदाही होण्याची शक्यता कमीच. त्या हजारो तुकड्यांतले काही गुपचूप गळाले असते, तर या आकड्यावर कोणी भरवसा ठेवला असता?

मुकादमाला भौतिकी कळत नाही, हे मात्र विसरू नका. तुम्ही एक बाण काढायला विसरलात तर तो न भाजलेल्या डाळीही खुशाल दळायला पाठवील.

आता वही घ्या. भाजणे १ तास, निववणे व दळणे १ तास, भिजवणे ते तळणे २ तास. आणि वेगळ्या शेगडीवर बेसनाचे लाडू ३ तास. कढई एकच. बाण काढा आणि सांगा : दहा मदतनीस आले तर फराळ किती तासांत होईल? आणि वीस आले तर?