फलाटावरील गाणें आणि झोळी

पवईस आमचें बिऱ्हाड होऊन बरींच वर्षें झालीं. घरांत आम्ही दोघें, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें. आजच्या मुंबईच्या मानानें हा गोतावळाच म्हणावयाचा. अशा घरांत वादाला विषय शोधावा लागत नाहीं. परंतु गेल्या कार्तिकांत जो वाद माजला, तो माझ्या जुन्या पेटीवरून. मधला नातू कॉलेजांत आहे. एके संध्याकाळीं तो मजकडे येऊन म्हणाला, "आजोबा, रविवारीं तुमची पेटी नेऊं का? आम्हांला स्टेशनवर गायचं आहे."

मला वाटलें, स्टेशनाजवळच्या एखाद्या सभागृहांत कार्यक्रम असेल. तसें नव्हतें. गाणें खुद्द स्टेशनांत, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या गर्दींत, त्यांस कसलीहि पूर्वसूचना न देतां व्हावयाचें होतें. एकानें उभ्याउभ्या आरंभ करावयाचा. मग इकडून एक, तिकडून एक असे बाकीचे सूर मिळवीत जवळ यावयाचे. आणि लोक थबकले म्हणजे गरीब कर्करुग्णांकरितां त्यांच्यापुढें डबा धरावयाचा.

इतक्यांत सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून हात पुसत बाहेर आली. "अहो, ऐकलंत का? ह्याच्या पणजोबांनीं उभ्या जन्मांत कोणापुढं हात पसरला नाहीं, आणि हा फलाटावर डबा खुळखुळवणार!"

हें वाक्य ऐकून मी गप्प बसलों. त्याचें कारण पुढें सांगेन. थोरल्या मुलानें आईचीच री ओढली. "पैसेच हवे असतील तर मी देतों पांच हजार. त्यासाठीं तमाशा कशाला?" नातू चिडला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, "काका, तुमचे पांच हजार येतील. पण त्या गर्दींतल्या माणसाला कोणीं विचारलंच नाहीं, तर तो देणार कसा?" थोरल्यास ह्यावर उत्तर सुचलें नाहीं, मलाहि सुचलें नाहीं.

नातवाच्या डोक्यांत ही कल्पना कोठून शिरली, तें मागाहून समजलें. एका मित्राच्या आजारी मामास सोबत म्हणून तो परळच्या टाटा रुग्णालयांत जाऊन आला होता. हें रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, आणि आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथें रुग्ण येतात. खोली घेऊन राहण्याची ऐपत नसलेले कित्येक रुग्ण व त्यांचे नातलग बाहेरच्या फुटपाथवरच पथारी टाकतात. तें दृश्य पाहून मुलगा घरीं आला तो दोन दिवस धड जेवला नाहीं, एवढें आमच्या सूनबाईनें सांगितलें. आणि मग त्यास सौरभ निंबकर ह्या तरुणाची हकीकत कोणीतरी ऐकविली.

ही हकीकत पुष्कळांच्या वाचनांत आली असेल. अंबरनाथ ते दादर ह्या लोकल गाड्यांत हा तरुण गिटार घेऊन गात असे आणि गरीब कर्करुग्णांसाठीं पैसे जमवीत असे. ह्या रोगाचें दुखणें त्यानें स्वतःच्या आईच्या ठायीं पाहिलें होतें. २०१५ सालीं 'आज की रात है जिंदगी' ह्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमानें त्याची दखल घेतली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अमिताभ बच्चन हे बोरीबंदराहून भांडुपपर्यंत लोकलनें त्याच्या संगतींत गात गेले. डब्यांतील प्रवाशांस काय वाटलें असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी! पण मला विशेष वाटतें तें निराळेंच. बच्चन एक दिवस आले नि गेले. निंबकर त्याआधीं, कोणी ओळखीत नसतां, गाडीमागून गाडींत गात होता.

भांडुप म्हणजे आम्हां पवईकरांचा शेजार. पवईस स्वतःचें रेल्वेस्टेशन नाहीं. कांजूरमार्ग, विक्रोळी नाहीं तर भांडुप गांठावें लागतें. आणि भांडुपचा आगगाडीशीं संबंध आगगाडीहूनहि जुना आहे. १८४३ सालीं जॉर्ज क्लार्क नांवाचा इंजिनियर भांडुपास आला असतां मुंबईहून ठाण्याकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यास सुचली असें सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजीं ती खरी झाली. (हें विषयांतर झालें; जुन्या मास्तरास तेवढी मोकळीक असावी.)

स्टेशनांत अवचित उभ्या राहिलेल्या कार्यक्रमाचें मुंबईंतील गाजलेलें उदाहरण त्याच्याहि आधींचें. २७ नोव्हेंबर २०११, रविवार. छत्रपति शिवाजी टर्मिनसच्या प्रशस्त दालनांत एकाएकीं 'रंग दे बसंती'चें गाणें सुरू झालें आणि गर्दींतून एकेक करीत सुमारें दोनशें माणसें नाचूं लागलीं. शोनन कोठारी ह्या तरुणीनें हा बेत जुळविला होता. ह्या प्रकारास तरुण मंडळी 'फ्लॅश मॉब' म्हणतात. तेथें डबा फिरला नाहीं, दानाचा हेतु नव्हता. परंतु तीनच वर्षांपूर्वीं, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं, त्याच स्टेशनांत गोळीबारानें पन्नासाहून अधिक माणसें मारलीं गेलीं होतीं. त्या फरशीवर लोकांनीं पुन्हां निर्भयपणें नाचावें, ह्यांत मला उच्छृंखलपणा दिसत नाहीं.

आतां पणजोबांविषयीं. रात्रीं जेवणें झाल्यावर मीं सर्वांना बसवून घेतलें. माझे वडील १९४० च्या सुमारास, चौदा वर्षांचे असतांना, कोंकणांतून पुण्यास शिकावयास गेले. हातीं पैसा नव्हता. दोन घरीं वार होते. बाकीचे दिवस ते झोळी घेऊन माधुकरी मागत. ज्या घरांतील मुलगा शाळेंत त्यांच्याच बांकावर बसत असे, त्याहि घरापुढें त्यांस उभें राहावें लागे. हें त्यांनीं मला माझ्या मुंजीच्या आदल्या रात्रीं एकदांच सांगितलें, पुन्हां कधीं तो विषय काढला नाहीं. आणि मीहि कोणापाशीं काढला नव्हता. दुसऱ्या दिवशीं मातृभोजन झालें, भिक्षावळ निघाली, मीं चांदीच्या ताम्हणांत लाडू नि रुपये घेत 'भवति भिक्षां देहि' म्हटलें. सगळे आप्त कौतुकानें हंसत होते. वडील मात्र मांडवाच्या खांबाला टेकून दुसरीकडे पाहत होते.

बोलणें संपल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग सौभाग्यवतीनें विचारलें, "चाळीस वर्षं संसार केला. मला का नाहीं सांगितलंत?" ह्या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं होतें; पण तें चांगलें नव्हतें. मला लाज वाटत होती, दुसरें काय?

आपल्याकडे गाणें आणि झोळी हीं कांहीं आज प्रथम एकत्र आलीं नाहींत. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव पहांटे टाळ-चिपळ्या वाजवीत दारीं येई, तो न बोलावतांच. आणि मिळालेलें दान देवादिकांच्या नांवें पोंचतें करून पुढें जाई. त्यास दाराबाहेर घालविण्याचें कोणाच्या मनांत येत नसे. दुसऱ्यासाठीं मागणाऱ्यांचीहि आपल्या प्रांतांत मोठी परंपरा आहे. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं माणशीं एक पैसा मागत हिंडून पैसा फंड उभा केला, आणि त्या पैशांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. ८ जुलै १९२१ रोजीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्या दोन प्रतिस्पर्धी नटश्रेष्ठांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईंत 'संयुक्त मानापमान' केलें; पुढें तीनच महिन्यांत केशवराव वारले. गाडगेबाबांनीं तर कीर्तनाच्या बळावर पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणीं धर्मशाळा बांधविल्या. दादरला त्यांच्या नांवाची जी धर्मशाळा आहे, तींत परळला उपचार घेणारे कर्करुग्णच आसऱ्यास असतात. बाबा मडकें नि खराटा घेऊन हिंडत. त्यांस कोणीं लाज वाटते का म्हणून विचारलें नाहीं.

फरक आहे तो श्रोत्यांत. नाटकगृहांतील अथवा कीर्तनांतील माणूस ऐकावयासच आलेला असतो. स्टेशनांतील माणसाला नऊ सतराची गाडी पकडावयाची असते. अमेरिकेंत १२ जानेवारी २००७ रोजीं वॉशिंग्टनच्या एका भुयारी स्टेशनांत जोशुआ बेल ह्या विख्यात वादकानें साध्या वेषांत उभें राहून त्रेचाळीस मिनिटें व्हायोलिन वाजविलें. वाद्य १७१३ सालचें, अतिशय मोलाचें. १०९७ माणसें समोरून गेलीं. क्षणभर कां होईना, थांबलीं तीं सात. व्हायोलिनच्या उघड्या पेटींत पडले बत्तीस डॉलर आणि कांहीं सेंट. हा दानाचा कार्यक्रम नव्हता, एका वर्तमानपत्रानें घेतलेली परीक्षा होती. त्या हकीकतींत मला बोंचलें तें एवढेंच: जीं लहान मुलें तेथून गेलीं त्यांतील प्रत्येकानें थांबून पाहण्याची धडपड केली, आणि प्रत्येकाला आईबापांनीं ओढून पुढें नेलें. छत्तीस वर्षें मुलांना घंटेच्या ठोक्यावर वर्गांत ओढण्याचेंच काम मीं केलें आहे. म्हणून बोंचलें असावें.

तेव्हां माझा विरोध मावळला. पण मास्तरकी मावळली नाहीं. मीं नातवास म्हटलें, चकित करावयाचें तें प्रवाशांस, स्टेशनमास्तरांस नव्हे. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजचें प्रभादेवी, ह्या स्टेशनाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसाहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. आपल्या गाण्यानें पुलावर वा जिन्यावर दहा माणसें जरी अडलीं, तरी तें पुण्यकर्म नव्हे. १९८९ च्या रेल्वे कायद्यानें गाडींत व स्टेशनांत भीक मागण्यास मनाई आहे. अमका स्वतःसाठीं मागतो कीं दुसऱ्यासाठीं, हें शिपायानें कसें ओळखावें? बोरीबंदरच्या त्या मंडळींनींहि आधीं रीतसर परवानगी घेतली होती. शिवाय लोकांकडून धर्मादाय पैसा गोळा करावयाचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी; सार्वजनिक गणपतीच्या वर्गणीला जें ४१-क कलम लागतें, तेंच येथें. म्हणून ज्या संस्थेसाठीं गावयाचें तिच्याच नांवें परवानगी, तिचाच मोहोरबंद डबा, तिचाच माणूस हजर, आणि मोबाइलनें पैसे देण्याचा जो चौकोनी कोड असतो तोहि तिच्याच खात्याचा. मित्राच्या खात्याचा नव्हे. नातवास हें सगळें जाचक वाटलें. "आजोबा, मग ह्यांत अचानक काय राहिलं?" "गाणं," मी म्हटलें.

परवानगी सहजासहजीं मिळाली नाहीं. एका कचेरीनें दुसरीकडे पाठविलें, दुसरीनें पुन्हां पहिलीकडे. मुलें पांच वेळां गेलीं. अखेर रविवारीं सकाळीं अर्धा तास, तिकीटघरासमोरच्या मोकळ्या जागेंत, कर्णा न लावतां, अशी मुभा मिळाली.

मी आधींच जाऊन एका खांबाशीं उभा राहिलों. गाडीचा पुकारा संपला आणि तिकिटाच्या रांगेंतील एका मुलीनें अभंग उचलला. आवाज लहान पण सूर पक्का. रांगेंतील माणसांनीं प्रथम तिच्याकडे असें पाहिलें, कीं हिचें डोकें फिरलें असावें. मग वर्तमानपत्रें विकणाऱ्याच्या बाजूनें दुसरा आवाज आला, जिन्याच्या पायथ्याशीं टाळ वाजला, आणि नातवानें बाकावर ठेवलेली पेटी उघडली. दुसऱ्या चरणाला भाता फुसफुसूं लागला. माझीच चूक, दोन वर्षें तो मीं पाहिला नव्हता. मुलांनीं तें सांवरून नेलें.

बहुतेक लोक थांबले नाहींत. कित्येकांनीं चालतांचालतां मोबाइलवर चित्र टिपलें नि पैसे न देतां गेले. त्याचा मला राग आला, नातवाला आला नाहीं. पुष्कळांच्या खिशांत आतां नाणेंच नसतें, त्यामुळें तो चौकोनी कोड डब्यापेक्षां अधिक उपयोगी पडला. एक लहान मुलगी बापाचें बोट ओढून उभी राहिली, आणि हा बाप थांबला. टोपली घेतलेली एक कोळीण होती. तिची गाडी लागली, ती दाराशीं गेली आणि परत आली. डब्यांत वीस रुपये टाकून म्हणाली, "पोरांनो, पैल्यापासून म्हना." मुलांनीं पहिल्यापासून म्हटलें. गाडी निघून गेली. ती टोपलीवर हात ठेवून ऐकत राहिली.

सौभाग्यवतीनें येणार नाहीं म्हणून घरीं स्पष्ट सांगितलें होतें. शेवटच्या गाण्याला ती धाकट्या सुनेबरोबर तिकिटाच्या रांगेमागें उभी दिसली. डबा घेऊन हिंडण्याची पाळी तेव्हां नातवाचीच होती. तो तिच्यापुढें आला. तिनें पदराची गांठ सोडली, दुमडलेली नोट डब्यांत टाकली, आणि परक्याच्या मुलास म्हणावें तसें "सुखी रहा" म्हणून ती बाजूला झाली. तो हंसला नाहीं, हें मीं पाहिलें.

डबा संस्थेच्या माणसासमोर व दोन प्रवाशांसमोर फोडून रक्कम मोजली, पावती झाली. पौषांतल्या एका रविवारासाठीं मुलांनीं पुन्हां अर्ज दिला आहे. पेटी मीं दादरला दुरुस्तीस टाकली आहे. कारागीर म्हणतो, भाता नवाच बसवावा लागेल.