रिक्लायनर मिटण्याआधी मांजर कुठे आहे ते बघा!

बुऱ्हाणपूरच्या कडक उन्हाळ्यात भर दुपारी मांजरं अंधारी, गार जागा शोधतात. आमची मनी थेट रिक्लायनरच्या पोटात शिरते! फूटरेस्ट मिटताना आतल्या लोखंडी पट्ट्या कात्रीसारख्या जवळ येतात. त्यात मान किंवा पाय सापडला, तर जिवावर बेततं.

म्हणून एवढं कराच:

१. मिटण्याआधी वाकून, मोबाइलचा टॉर्च मारून खाली बघा. मांजर बाहेर दिसलं, मगच मिटा.
२. वापर झाला की खुर्ची मिटूनच उठा. मोटरची असेल तर प्लगही काढा.
३. खालचं कापड फाटलं असेल तर लगेच शिवून घ्या.
४. मांजर अडकलंच तर ओढू नका. खुर्ची हळूच उघडा. वरून बरं दिसलं तरी लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, आतला मार दिसत नाही.

घरातल्या मुलांना आणि पाहुण्यांनाही हे आवर्जून सांगा.