खंजिरीची थाप बाहेर जाऊन येते तेव्हा

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या भजनाची सोबतीण खंजिरी आजही वऱ्हाडात घुमते. घरी रेकॉर्ड करताना मात्र ती छळते: थाप एकदम उसळते, झांजा कानाला टोचतात. मग कुणीतरी आवाजाचे चढउतार आवरणारं यंत्र, म्हणजे जुना कॉम्प्रेसर, आणतो.

संगणकाला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसच्या १-२ आउटवर स्पीकर असतात, त्यांना हात लावू नये. ३-४ लाइन आउटमधून आवाज कॉम्प्रेसरला द्यायचा आणि परत लाइन इनमध्ये घ्यायचा. परतीची वायर माइकच्या इनपुटात खुपसली की आवाज फाटलाच म्हणून समजा.

गोम पातळीची आहे: इंटरफेस आणि कॉम्प्रेसरची पातळी जुळायला हवी. स्टुडिओची यंत्रं +४ डीबीयूला, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्टला चालतात. घरगुती यंत्रं -१० डीबीव्हीला, ०.३२ व्होल्टला. जवळपास चौपट फरक!

शिवाय उशीर. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना १२८ नमुन्यांचा बफर २.९ मिलिसेकंद खातो; जाऊन-येऊन दुप्पट. मूळ आणि परतलेली थाप एकत्र वाजली, की खंजिरी तेलाच्या रिकाम्या डब्यासारखी वाजते. ते टाळण्यासाठी सॉफ्टवेअरमधून एक ‘टिक’ त्याच वाटेने पाठवून फेरीचा वेळ मोजतात आणि परतलेला ट्रॅक तेवढाच मागे ओढतात.