मूल बोलायला कसे शिकते?

तीन वर्षांचे पोर आईला सांगते, "मी काम करलं." आपण हसतो आणि म्हणतो, "करलं नाही रे, केलं म्हण." पण 'करलं' हा शब्द त्याला शिकवला कुणी? आईच्या तोंडून तर त्याने तो ऐकलेला नसतो.

बस-बसलं, पड-पडलं, धर-धरलं, असे पुष्कळ शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतात. त्यांतून त्याने मनाशी एक नियम बांधला आणि तो 'कर'ला लावला. पोपट ऐकले तेवढेच म्हणतो. मूल न ऐकलेलेही म्हणते. 'करलं' ही चूक खरी, पण ती व्याकरण शिकत असल्याची खूण आहे.

ही शिकवणी पाळण्यापासूनच सुरू होते. 1984 साली प्रसिद्ध झालेला कॅनडातला एक प्रयोग पाहा. 'त' आणि 'ट' यांतला फरक इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना ओळखता येई. वर्षाची होत आली, की तीच बाळे तो फरक विसरू लागत, कारण त्यांच्या घरच्या भाषेत तो लागत नाही. आपल्या बाळाला मात्र ताक आणि टाक वेगळे ओळखावेच लागतात. म्हणून त्याचा कान तो फरक जपतो. म्हणून बाळ बोलत नसले, तरी त्याच्याशी बोलत राहावे.

मेंदूत हे काम चालते कुठे? 1861 मध्ये ब्रोका या फ्रेंच वैद्याने दाखवले, की डाव्या मेंदूच्या पुढच्या एका भागाला इजा झाली तर बोलणे अडते. 1874 मध्ये जर्मनीच्या वेर्निकेने मागचा एक भाग दाखवला. तो बिघडला तर माणूस घडाघडा बोलतो, पण अर्थाचा मेळ बसत नाही. आज आपण जाणतो, की भाषा एका कोपऱ्यात राहत नाही. मेंदूचे अनेक भाग जोडीने राबतात.

आता आपल्या खामगावकडे वळू. शाळेत आलेले मूल म्हणते, "मले डोया दाखव." गुरुजी, हे अशुद्ध नव्हे. डोळा-डोया, शाळा-शाया, केळी-केयी: वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, तोही नियमानेच. मूल एक पुरे व्याकरण घेऊन वर्गात आलेले असते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्याच जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते अजून सिद्ध झालेले नाही, आणि बोलणारे जेमतेम काही हजार. ही माणसे कोरकू, मराठीही बोलतात. दोन-तीन भाषा मेंदूला जड होत नाहीत. पण घरच्या बोलीची लाज वाटली, तर मूल वर्गात गप्प बसते, आणि पुढे आपल्या लेकरांशी ती बोलत नाही. भाषा मरते ती अशी.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे आपल्या संविधानाचे 350-अ हे कलम 1956 पासून सांगते. पण पहिली सोय गुरुजींच्या तोंडी आहे. मूल "डोया" म्हणाले, तर रागावू नका. "हो, हा बघ डोळा," एवढेच म्हणा. त्याच्या घरचा शब्द राहील, आणि पुस्तकातला शब्द त्याच्या शेजारी येऊन बसेल.