खांब घ्या, पुस्तक द्या!

लाकडी खांबावर एकावर एक बसलेले लांडगा, बेडूक, अस्वल... टोटेम पोलचं असं चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल. पुष्कळांना वाटतं, हे देव असणार. छे! यांची कुणी पूजा करत नाही. हे खांब म्हणजे घराण्यांचा इतिहास.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, किटवांगा नदीच्या खोऱ्यात गितान्याव नावाचं गाव आहे. पूर्वी त्याला किटवांकूल म्हणत. इथले लोक गित्क्सान, त्यांची बोली त्सिमशियन भाषाकुळातली. गावात कुळं दोन, लांडगा आणि बेडूक. मूल जन्मलं की ते आईच्या कुळाचं, वडिलांच्या नव्हे बरं का!

या भाषेला लिपी नव्हती. मग आपले पूर्वज कोण, जमीन कुठली, हे लक्षात कसं ठेवायचं? रेड सीडार झाडाचा उंच खांब कोरायचा आणि मेजवानी घालून सर्वांदेखत उभा करायचा. पाहुण्यांना भेटी द्यायच्या. भेट घेतली की पाहुणा साक्षीदार झाला! कॅनडा सरकारने मात्र १८८५ पासून १९५१ पर्यंत अशा मेजवान्यांवर बंदीच घातली होती.

इथला एक जुना खांब ‘बर्फातलं भोक’ या नावाने प्रसिद्ध आहे. गाव उपासमारीने मरायला टेकलं, तेव्हा एका माणसाने बर्फाला भोक पाडून मासे धरले आणि सगळ्यांना वाचवलं, ही त्याची गोष्ट.

पण शेवटी लाकूडच ते, पावसापाण्याने कुजणारच. व्हिक्टोरिया शहरातल्या संग्रहालयाला जुने खांब जपून ठेवायचे होते. गावकरी सहजासहजी कसे देतील? आपली जमीन त्यांनी कुठल्याही तहाने सरकारला दिलेली नव्हती, तरी सरकार ती आपलीच समजत होतं. त्यात खांबही गेले, तर हक्क दाखवायचा कशाने?

अखेर १९५८ मध्ये करार झाला. गावाच्या अटी पाहा! नेलेल्या खांबांच्या हुबेहूब प्रती कोरून गावात उभ्या करायच्या. शिवाय आमचा इतिहास, आमच्या जमिनी, आमचे कायदे छापून काढायचे. वडीलधारी मंडळी सांगत गेली, विल्सन डफ या मानववंशशास्त्रज्ञाने संपादन केलं आणि १९५९ मध्ये पुस्तक निघालंसुद्धा.

पुढे १९९७ मध्ये गित्क्सान आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या जमिनीच्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला इतिहासही पुरावा म्हणून धरला पाहिजे.