सेकंडहॅण्ड क्यू घेता का कोणी?

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याला सेकंडहॅण्ड मार्केटचा फंडा कोणी शिकवावा लागत नाही. एप्रिलमध्ये कूलरला भाव असतो, पहिला पाऊस पडला की तोच कूलर कोणी फुकट न्यायला तयार नसतं. मिनी ड्राफ्टर मात्र दरवर्षी खपतो, कारण दरवर्षी फर्स्ट इयरची नवी बॅच येते. आता समजा, उद्या ड्रॉइंग शीट बंद झाली आणि सगळं कॉम्प्युटरवरच काढायचं ठरलं, तर आपल्या ड्राफ्टरचं काय होईल? तो तितकाच सरळ रेघा मारेल, पण विकणार कोणाला?

नेमकं हेच सध्या पूलच्या काठीचं झालं आहे. तिला क्यू म्हणतात. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत कुठे घसरलो तर सांभाळून घ्या. छडी चालेल, क्यू नको!)

घुग्घुसचा पोरगा आणि पूलवर लेख, असं म्हणून हसू नका बे. आमच्याकडे कोळसा, सिमेंट आणि धूळ आहे हे मान्य. पण टेबलावरचे हे खेळ आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. स्नूकर जन्मला तो १८७५ साली जबलपूरला, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. म्हणजे नागपूरहून रात्री बसलं की सकाळी पोचता येईल अशा गावात. आणि भारताला पहिलं वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळालं तेसुद्धा क्रिकेट-टेनिसमध्ये नाही, बिलियर्ड्समध्ये. १९५८ साली, कलकत्त्याला, विल्सन जोन्स यांनी ते मिळवलं. त्यांचा जन्म पुण्याचा.

माझा या विषयाशी संबंध आला मामामुळे. मामा आमच्या कॉलनीत कॅरम खेळून मोठा झाला, मग नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला आणि तिथे त्याला पूलचा नाद लागला. २००५ मध्ये त्याने एका कारागिराकडून २४०० डॉलर देऊन क्यू करून घेतला. त्यासाठी तीन वर्षं वेटिंग लिस्टमध्ये थांबला. मामी जाम चिडली होती म्हणे. मामाचं म्हणणं एकच, "अगं ही सोन्यासारखी वस्तू आहे, भाव वाढतच जाणार." त्या वेळी ते खोटंही नव्हतं.

एवढे पैसे कशाचे? आपल्या इथल्या पार्लरमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेले क्यू एकसंध असतात. कस्टम क्यूचे दोन भाग असतात. मागचा जाड बट आणि पुढचा निमुळता शाफ्ट, मध्ये पेचाचा जोड. लांबी साधारण ५८ इंच, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. शाफ्ट कठीण मेपलचा असतो. आपण वर्कशॉपमध्ये लेथवर जॉब एका प्रॅक्टिकलमध्ये उरकतो, तसं इथे चालत नाही. लाकडाचा थोडा थर काढायचा, काही महिने टांगून ठेवायचं, त्यातला ताण मोकळा होऊन ते वाकतंय का बघायचं, मग पुन्हा थोडा थर. बटमध्ये व्ही आकाराच्या खाचा पाडून त्यात आबनूस, शिसव अशी लाकडं इतकी घट्ट बसवतात की नखाला सांधा लागत नाही. आणि हे आबनूस म्हणजे कोण? आपल्या तेंदूचा सख्खा चुलतभाऊ! चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदू म्हटलं की विडीचं पान आठवतं, पण जुन्या तेंदूच्या गाभ्यातलं लाकूडही काळंभोर असतं.

या कारागिरांमध्ये सगळ्यात मोठं नाव जॉर्ज बालाबुश्काचं. जन्म रशियातला, काम न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, मूळ धंदा सुतारकाम. तो १९७५ मध्ये वारला. १९८६ मध्ये 'द कलर ऑफ मनी' या सिनेमात पॉल न्यूमन टॉम क्रूझला एक बालाबुश्का देतो आणि अमेरिकेत पूलचं वेड पुन्हा उसळलं. गंमत म्हणजे सिनेमात वापरलेला क्यू जॉस कंपनीचा होता, बालाबुश्काचा नव्हताच. पण त्या लाटेत हातानं केलेल्या क्यूंना सोन्याचे दिवस आले.

मग बिनसलं कुठे? पहिलं कारण आपल्या अभ्यासातलं आहे. पांढऱ्या बॉलला मधोमध न मारता उजवीकडे मारलं तर त्याला फिरकी मिळते, पण त्याच वेळी तो नेमाच्या रेषेपासून किंचित डावीकडे सरकतो. कारण असं की टोक बॉलला चिकटलेलं असतं त्या मिलिसेकंदाच्या आसपासच्या वेळात फिरणारा बॉल टोकाला बाजूला ढकलतो, आणि टोकाच्या वस्तुमानाची प्रतिक्रिया बॉलला उलट बाजूला ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम, बस. टोक जितकं हलकं, तितकं हे सरकणं कमी. जुने खेळाडू वर्षानुवर्षं खेळून हा फरक डोळ्यानं भरून काढत. १९९४ मध्ये प्रेडेटर कंपनीने टोकाशी पोकळ केलेला लाकडी शाफ्ट आणला आणि २०१६ मध्ये कार्बन फायबरचा. हलका, पावसाळ्यात न वाकणारा, डेंट न पडणारा. किंमत सुमारे ५०० डॉलर. मागोमाग बाकीच्या कंपन्याही आल्या. आता नवा खेळाडू कारखान्यातला साधा बट घेतो, त्यावर कार्बनचा शाफ्ट लावतो आणि मोकळा होतो. वर्षभर टांगून ठेवलेल्या मेपलची त्याला गरजच उरली नाही.

दुसरं कारण पांढरं आहे. शाफ्टच्या टोकाशी, चामड्याच्या टिपखाली, इंचभर पांढरी नळी असते. तिला फेरूल म्हणतात. महागड्या क्यूंमध्ये ती हस्तिदंताची असे. हत्ती मारून ही हौस चालली होती, ती बंद झाली हे बरंच झालं, यात माझ्या मनात शंका नाही. न्यू जर्सीने २०१४ मध्ये हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आणली, जुलै २०१६ मध्ये सबंध अमेरिकेचे नियम कडक झाले. क्यू घरात ठेवा, मुलांना वारसा म्हणून द्या, विकू मात्र नका!

मामा अडकला तो इथे. गेल्या वर्षी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्याने क्यू विकायला काढला. आधी हस्तिदंत काढून कृत्रिम फेरूल बसवून घ्यावे लागले. मग संग्राहक म्हणाले, "हा आता ओरिजिनल राहिला नाही." खेळणारे म्हणाले, "कार्बनचा शाफ्ट आहे का?" सगळ्यात मोठी ऑफर आली ११०० डॉलरची. मामा फोनवर हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. वीस वर्षांची महागाई धरली तर निम्मेसुद्धा हातात येत नाहीत. आणि फीची तारीख कोणासाठी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट. बल्लारपूरच्या डेपोत सागाचा लिलाव होतो. लांबी-गोलाईनुसार लॉट लावतात, बोली लागते, आजचा भाव उद्या सगळ्यांना माहीत असतो. क्यूला असा बाजार कधीच नव्हता. एक विकणारा, एक घेणारा, आणि 'अमक्याला इतके मिळाले' अशी ऐकीव बात. चढत्या काळात अशा बाता भाव वाढवतात, उतरत्या काळात तितक्याच जोरात पाडतात. बालाबुश्का किंवा गस झाम्बोटीच्या क्यूला आजही गिऱ्हाईक आहे, कारण ते दोघंही हयात नाहीत आणि माल वाढणार नाही. मार मधल्या कारागिरांना बसला. त्यांचं काम उत्तम आहे, पण नावाभोवती दंतकथा नाही.

आता कामाचं सांगतो. नागपूर-चंद्रपूरकडे कोणी स्वस्तात जुना क्यू देत असेल तर आधी जोडून टेबलावर लोळवा. टोक उड्या मारत असेल तर तो वाकलाय. मग दोन्ही भाग वेगवेगळे लोळवा, कधी लाकूड सरळ असतं आणि दोष पेचात असतो. बट हलकेच हातावर आपटा, खडखड आली तर आत काहीतरी सुटलंय. आणि फेरूलवर बारीक जाळीसारख्या रेषा दिसल्या तर हात मागे घ्या. तो हस्तिदंत असू शकतो, आणि आपल्याकडे त्याचा व्यापार हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग क्यू कितीही जुना असो.