विश्लेषण : ‘स्टेनलेस’ रेलिंगच्या जोडावर गंज का येतो? वायर ब्रशशी त्याचा काय संबंध?

नव्या रेलिंगवर पहिल्याच पावसाळ्यात जोडाजवळ तांबूस ठिपके दिसू लागले, की संशय आधी स्टीलच्या दर्जावर जातो. पण दोष धातूचा नसून वेल्डिंगनंतर फिरवलेल्या वायर ब्रशचाही असू शकतो.

जोड घासतात कशासाठी?

वेल्डिंगच्या रॉडवर फ्लक्सचा थर असतो. तो वितळून जोडावर काचेसारखी खपली धरतो. हीच स्लॅग. तप्त धातूचे हवेपासून रक्षण करणे हे तिचे काम. ते झाले की ती चिपिंग हातोडीने फोडतात आणि उरलेले कण वायर ब्रशने काढतात. जाड जोडात वेल्डिंगचे अनेक थर असतात. मधल्या थरावरची स्लॅग तशीच राहिली, तर ती आत अडकून जोड कमकुवत होतो. वर राहिली, तर तिच्यासकट रंगाचे पोपडे निघतात.

स्टेनलेससाठी वेगळा ब्रश का?

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर गंज रोखतो. साध्या पोलादी तारांचा ब्रश घासला, की लोखंडाचे बारीक कण पृष्ठभागात रुततात आणि ओलावा मिळताच गंजतात. म्हणून ‘एसएस’ला ‘एसएस’च्याच तारांचा ब्रश हवा. तोही आधी साध्या लोखंडावर वापरलेला नसावा, नाहीतर तेच कण इकडे येतात. जोडालगतचे निळसर-तपकिरी पट्टे नुसत्या घासण्याने पूर्ण बरे होत नाहीत. त्याखालचा क्रोमियम कमी झालेला थर काढण्यासाठी पिकलिंग पेस्ट लागते.

ॲल्युमिनियमचे काय?

इथे ब्रश वेल्डिंगच्या आधीही लागतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइड सुमारे २,०७० अंशांना. तो थर काढला नाही, तर जोड नीट एकजीव होत नाही. आधी तेल-ग्रीस पुसायचे, मग स्टेनलेसच्या स्वच्छ ब्रशने हलक्या हाताने घासायचे. क्रम उलटला, तर ग्रीस आणखी पसरते.

ग्रायंडरवर लावताना धोका कोणता?

चार इंची ग्रायंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्या वेगाने सुटलेली तार कपड्यांतून आरपार जाऊ शकते, डोळ्यात गेली तर दृष्टीच धोक्यात. ब्रशवर छापलेली कमाल गती ग्रायंडरच्या गतीपेक्षा कमी असेल, तर तो लावूच नये. गार्ड काढू नये, गॉगलवर फेसशील्डही घालावे. जोर देऊनही फायदा नाही. तारांची टोके काम करतात, दाबल्यावर तारा वाकतात आणि तुटतात.

ग्राहकाने काय विचारावे?

रेलिंग किंवा टाकीचे काम देताना एकच प्रश्न पुरेसा आहे : ‘एसएससाठी ब्रश वेगळा ठेवला आहे ना?’ लाखाच्या कामाचे भवितव्य कधी कधी या छोट्याशा ब्रशवर ठरते.